हेडमास्तरसाठी भांडणं

३१ जानेवारी, शनिवार

आत सोडलं नाही! माझ्याच घरात मला आत सोडलं नाही!

म्हणजे ते आता माझं घर नाही, हे मलाही कळतं. आम्ही ते सोडलं तेव्हा मी सहावीत होतो. पण जिन्याचा कठडा तोच, मजला तोच, दाराची कुरकुरसुद्धा तीच. पाटी तेवढी नवी — कौटुंबिक सल्ला केंद्र. टेबलामागे बसलेल्या नोंदणीवाल्याला मी सरळ सांगितलं, की आत डाव्या हाताला जी खोली आहे तिथे भिंतीतलं कपाट आहे, त्याच्या वरच्या फळीमागे पोकळी आहे, आणि त्यात माझा एक माणूस राहून गेलाय. काढतो आणि जातो. त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की माझी मलाच कीव आली. म्हणाला, इथे फक्त जोडप्यांना आत घेतात. भांडण असलेल्या.

उद्या सविस्तर लिहीन. आत्ता डोकं ठिकाणावर नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

तो माणूस म्हणजे हेडमास्तर. वीतभर उंचीचा रबरी पहिलवान. टक्कल, चढवलेल्या भुवया, आणि उजव्या हाताचं बोट कायम समोरच्यावर रोखलेलं. पाकिटावर त्याचं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण पाकीट फाडल्याबरोबर मला आमचे हेडमास्तर दिसले आणि नाव ठरलं. आयुष्यात एकही लढत हरला नाही. एकदा हरायला आला होता, तेव्हा पंच या नात्याने मी त्याला दातांत धरून रिंगणाबाहेर काढला. डाव्या बुटाच्या जरा वर माझ्या दुधाच्या दातांचे ठसे आहेत. ठसठशीत.

रिंगण म्हणजे उलटं केलेलं स्टूल. चार पायांना बांधलेल्या दोऱ्या म्हणजे वडिलांच्या पायजम्यांच्या नाड्या. एका सकाळी वडील पायजमा मुठीत धरून घरभर हिंडत होते ते अजून आठवतं. त्याच आठवड्यात परीक्षेचं कारण काढून त्यांनी पहिलवान जप्त करायला सुरुवात केली. मी विजेत्याला पोकळीत लपवला. आणि मग घर बदललं ते मी शाळेत असताना! संध्याकाळी मला शाळेतून थेट नव्या घरी नेलं. हेडमास्तर तिथेच राहिला.

बाकीचे सगळे मी मोठेपणी जमवले. भट्टी, भट्टीचा मेहुणा, डॉक्टर गुडघे, आणि सोनेरी जावई — हा झगा घालून नुसता उभा राहतो, लढत कधीच नाही, मान मात्र पहिला घेतो. सगळे जुने. हल्लीचे पहिलवान कोपरात वाकतात, गुडघ्यात वाकतात, मनगट फिरवतात. असले लवचिक लोक काय लढणार! जुन्यांचं कसं, हात वर म्हणजे जन्मभर वर. आणि तो रबराचा वास. भट्टीला नाकाशी धरला की मी अजून पायात मोजे नसलेला मुलगा होतो. यात लाजण्यासारखं काही नाही, निदान इथे तरी.

हेडमास्तरची जागा फळीवर मधोमध रिकामी आहे. ती बघवत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

पेटीबंदला फोन केला. (जुने पहिलवान जमवणारा दोस्त. पेट्या कधीच उघडत नाही, म्हणून हे नाव. आत पहिलवान आहे की नाही हे त्यालाही खात्रीने माहीत नसावं.) त्याचं म्हणणं, त्याच्याकडे अगदी तस्साच हेडमास्तर आहे, तो घेऊन टाक. पण त्याला माझे दात कुठे आहेत? मी कवळ्या बनवतो. लॅबमध्ये दुधाच्या दातांचा साचा करून ठसे उठवणं मला मुळीच अवघड नाही. पण ती फसवणूक झाली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हिला सांगितलं. ही पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात असते. दिवसभर लोकांचं पाणी न आल्याचं ऐकून घेते, त्यामुळे काहीही ऐकलं तरी तिचा चेहरा हलत नाही. माझं सगळं ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे तुला माझ्याशी खोटं भांडायचंय, तेही एका बाहुल्यासाठी.

म्हटलं, पहिलवान.

ती म्हणाली, चालेल. आणि भाजी चिरायला गेली. इतक्या लवकर मानेल असं वाटलं नव्हतं. मुलगी शिकायला गेल्यापासून संध्याकाळी तसं आम्हाला कामही काही नसतं.

८ फेब्रुवारी, रविवार

तालीम. भांडणाचे मुद्दे मी काढले. माझं घोरणं, तिचं जास्त मीठ, पंख्याचा वेग. घोरण्यावर ती बरी भांडते. मिठावर मात्र मलाच हसू फुटलं. शेवटी दोघंही हसलो आणि चहा केला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी आमची भांडणं! बुधवारी काय होणार कोणास ठाऊक.

११ फेब्रुवारी, बुधवार

पहिली बैठक. नोंदणीवाल्याने मला ओळखलं, पण बायको सोबत असल्यामुळे त्याला बोलता येईना.

सल्लागार बाई बसतात तिथे पूर्वी आमचा गॅस होता. त्यामुळे बाई बोलायला लागल्या की मला भूक लागते. त्यांच्याकडे एक जांभळी उशी आहे. उशी ज्याच्या मांडीवर, त्यानेच बोलायचं, दुसऱ्याने चूप. मी घाईघाईने घोरण्यापासून सुरुवात केली. मग उशी हिच्याकडे गेली. वाटलं, आता मीठ.

मीठ नाहीच! ही उशी पोटाशी धरून म्हणाली, "हा माझ्याशी दिवसभरात एकच वाक्य बोलतो. किल्ली कुठे आहे."

काय अभिनय! आवाजसुद्धा जरा फाटला. बाईंनी लिहून घेतलं. मी चकित होऊन बघतच राहिलो. परतताना शाबासकी दिली, म्हटलं, मुद्दा तू आयत्या वेळी काढलास, पण झकास. ती खिडकीतून बाहेर बघत होती. बसमध्ये तिला झोप येते.

महत्त्वाचं म्हणजे, आमची जुनी खोली आता 'शांत खोली' आहे. ज्याचा राग अनावर होतो त्याला बाई तिथे एकट्याला बसवतात. एकट्याला! दुसऱ्या कशासाठीही ती उघडत नाहीत. किल्ली बाईंच्या गळ्यात. म्हणजे मला फक्त रागवायचं आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

राग येत नाही. लॅबमध्ये दिवसभर प्रयत्न केला. एका दंतवैद्याने वरची कवळी मागवून आता खालचीच हवी होती म्हणून सांगितलं, तरी नाही आला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

फजिती. मी टेबलावर मूठ आपटली, खुर्ची मागे ढकलली, ओरडलोसुद्धा. पंख्याच्या वेगावरून! बाई म्हणाल्या, "किती छान. आज तुम्ही मोकळे झालात." आणि मला पाणी दिलं.

मग उशी हिच्याकडे. हिने आज कमालच केली. म्हणाली, मला ऑफिसात बढती मिळाली, कक्षप्रमुख झाले, त्याला कितीतरी महिने होऊन गेले. घरी आले तेव्हा हा भट्टीच्या तुटलेल्या हाताला गुलाबी मसाला लावत होता, कवळीच्या हिरड्या करतात तो. मी दारात उभी राहिले. हा म्हणाला, दार लाव, धूळ येते. मग मी सांगितलंच नाही. आणि बोलता बोलता ती खरंच रडायला लागली! थांबेचना. बाईंनी उठून तिला शांत खोलीत नेलं.

म्हणजे मी घसा फोडून बाहेर आणि ही आत! आंधळा मागतो एक डोळा, पण इथे देव दुसऱ्यालाच दोन देऊन मोकळा झाला. मी मात्र आनंदात होतो, आता ती खुर्चीवर चढून पोकळीत हात घालेल.

बाहेर आली ती थेट हात-तोंड धुवायला गेली. जिन्यात विचारलं, बघितलंस का? म्हणाली, "माझा हात नाही पोचला."

जरा टाचा वर करायच्या ना! पण बोललो नाही. रडण्याचं काम तिने इतकं चोख केलं होतं. ती बढतीची गोष्ट रचायला किती डोकं लागलं असेल! भट्टीचा हात मात्र खरा घातला तिने त्यात. एक हात गुलाबी आहे त्याचा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी गृहपाठ दिलाय. रोज संध्याकाळी आळीपाळीने एकमेकांना एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. गृहपाठ केला नाही तर पुढची बैठक मिळत नाही. घ्या! माझे खरे हेडमास्तरसुद्धा इतके कडक नव्हते.

मी विचारलं, आज कोणाचा फोन आला? तिने सांगितलं, एक म्हातारे गृहस्थ रोज फोन करतात. त्यांच्या घरी पाणी व्यवस्थित येतं. ते रोज तेच कळवतात — आज पाणी आलं. ही रोज त्याची नोंद करून घेते.

मला हे माहीतच नव्हतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज विचारायची पाळी तिची. विचारलं, तुझा सोनेरी जावई लढत का नाही? मी सांगत सुटलो. बोलून झालं तेव्हा आमटी गार झाली होती. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. शेवटी म्हणाली, आमच्याकडेही एक आहे असा, नुसता सही करायला येतो.

फार हसलो. गृहपाठ वाईट नाही. हेडमास्तरसाठी काय काय करावं लागतंय!

२५ फेब्रुवारी, बुधवार

तिसरी बैठक. बाहेर आमच्या आधीचं जोडपं बसलं होतं, पोपट कोणाशी जास्त बोलतो यावरून त्यांचं बिनसलंय. पोपटही आणला होता. तो दोघांशीही बोलत नव्हता, नोंदणीवाल्याशी बोलत होता.

आत बाईंनी उशी दोघांच्या मध्ये ठेवली. कोणीच उचलली नाही. मग ही म्हणाली, आज माझी काही तक्रार नाही. मी टेबलाखालून तिला पाय मारला, असं म्हटल्यावर मला राग कसा येणार! तिने उलट पाय मारला. बाईंना सगळं दिसत होतं. त्यांनी लिहून घेतलं.

परतताना बस सोडून दिली, चालत आलो. कॉफी प्यायलो. शांत खोली पुन्हा हुकली याचं दुःख वाटायला हवं होतं, ते आत्ता लिहिताना वाटतंय.

२ मार्च, सोमवार

तिच्या ऑफिसात गेलो होतो. छत्री विसरली होती ती द्यायला. इतक्या वर्षांत आत पहिल्यांदाच. दारावर पाटी — कक्षप्रमुख. खाली तिचं नाव.

पाटीवर धूळ होती. म्हणजे नवी नाही.

शिपाई म्हणाला, मॅडम मीटिंगमध्ये आहेत, बसा. मी बसलो नाही. छत्री त्याच्याकडे दिली आणि निघालो.

बढती खरी होती. मग किल्लीचंही खरं. आणि रडणं? मी तिला जिन्यात हेडमास्तरचं विचारलं होतं! बसमध्ये शाबासकी दिली होती! बसमध्ये तिला झोपबीप काही येत नव्हती. असा गाढव मी, आणि म्हणे दाताचा एक सूत फरक मला नुसत्या बोटाला कळतो.

संध्याकाळी गृहपाठ माझा होता. विचारलं, बढती मिळाली त्या दिवशी तू काय नेसली होतीस? तिने माझ्याकडे बघितलं. पाटी पाहिलीस का, म्हणाली. मग सांगितलं. निळी. तिने खूप सांगितलं. मी मध्ये बोललो नाही.

४ मार्च, बुधवार

आज सगळं झालं आणि सगळं संपलं.

बाईंनी सहज विचारलं, "मग तुम्ही अजून बाहुल्या जमवता का?"

बाहुल्या! मी आयुष्यात इतका रागावलो नव्हतो. ठरवून नाही, खराखुरा. उशी कुठे गेली मला माहीत नाही. म्हटलं, पहिलवान आहेत ते, पहिलवान! बाई किल्ली घेऊन उठल्या. आणि ही मध्येच म्हणते कशी, "नको बाई, तो शांत आहे. त्याला नका पाठवू." चार बैठका ज्याच्यासाठी घातल्या तेच विसरली! मी आणखी जोरात ओरडलो आणि आत गेलो.

खोली केवढीशी आहे. आठवणीत मोठी होती. खिडकीचा एक गज वाकडा, तो मीच वाकवलेला. कपाट तिथेच होतं. खुर्चीवर चढलो, वरच्या फळीमागे हात घातला. धूळ. बोटांना कापसासारखी लागणारी जुनी धूळ, आणि तिच्या मधोमध वीतभर स्वच्छ जागा. त्याच्या आकाराची. रोखलेल्या बोटासकट!

म्हणजे इतकी वर्षं तो तिथे होता. आणि आत्ता आत्ता कोणीतरी नेला.

खुर्चीवरच बसून राहिलो. खूप वाईट वाटलं. बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, वा, किती शांत झालात.

६ मार्च, शुक्रवार

नोंदणीवाल्यावर संशय. पोपटसुद्धा त्याच्याशी आपणहून बोलतो, म्हणजे हा माणूस सरळ नव्हे. दुपारी केंद्राच्या खाली उभा राहिलो. तो डबा घेऊन बाहेर आला तेव्हा विचारलं, टक्कल असलेल्या कोणाला ओळखता का? त्याने टोपी काढून दाखवली. तो स्वतःच टकला!

दिलगिरी व्यक्त केली. साप साप म्हणून भुई धोपटतोय मी.

८ मार्च, रविवार

हिला म्हटलं, आता बुधवारी जायला नको. ज्यासाठी जात होतो तेच राहिलं नाही.

ती घड्या घालत होती. म्हणाली, "गृहपाठ पण नको?"

म्हटलं, बैठकच नाही तर गृहपाठ कशाला.

"बरं," म्हणाली. घड्या घालून झाल्या होत्या, तरी त्याच पुन्हा घालत बसली. मी हेडमास्तरच्या विचारात होतो.

११ मार्च, बुधवार

पाच वाजले. दोघंही घरी. ही लवकर का आली विचारलं नाही, मी लवकर का आलो तिने विचारलं नाही. टीव्ही लावला. तिने आवाज कमी केला, मी वाढवला नाही. जेवताना मीठ बरोबर होतं. पंखा मधल्या वेगावर. भांडायला सुतभरही जागा नाही अशी संध्याकाळ, आणि मी उगीच तीनदा उठून पाणी पिऊन आलो.

हेडमास्तर नाही म्हणून, असं स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. आज कोणाचा फोन आला, पाणी आलं असं त्या म्हाताऱ्याने कळवलं का, हे मला ऐकायचं होतं. साधा प्रश्न. पण बाईंनी सांगितल्याशिवाय विचारायची लाज वाटली! सत्तेचाळीस वर्षांचा माणूस!

तिच्या ऑफिसच्या पर्सची चेन बिघडलीय, अर्धीच उघडते, म्हणून ती हल्ली कापडी पिशवी नेते. दुसऱ्या की तिसऱ्या गृहपाठात सांगितलं होतं. उद्या लॅबमधलं मेण आणून त्या चेनला घासतो. तेवढं तरी.

१२ मार्च, गुरुवार

मेण घासलं. चेन सरकन उघडली. आत रुमालात गुंडाळलेला हेडमास्तर. डाव्या बुटाच्या वर दातांचे ठसे. माझे.

त्या खोलीत ही एकदाच गेली होती. दुसऱ्या बैठकीला, रडत. म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या बुधवारी तो तिच्याजवळच होता, आणि ती माझ्यासोबत त्याला शोधायला येत होती.

रुमाल होता तसा गुंडाळला. चेन लावली. पर्स खुंटीला अडकवली. केंद्रात फोन करून पुढच्या बुधवारची वेळ घेतली.

ही आली तेव्हा म्हटलं, मला वाटतं तो तिथेच कुठेतरी आहे, नीट शोधायला हवं. तिने पर्सकडे पाहिलं. चेन अगदी शेवटपर्यंत लागलेली.

मग म्हणाली, "लागतील बरेच बुधवार."